समुद्राची राखण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत पंढरपूर येथें आपल्या धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान. छापावयास देतांना थोडें आटोपतें केलें आहे.)



पंढरपुरांत उभें राहून समुद्राविषयीं व्याख्यान द्यावयाचें म्हटलें म्हणजे श्रोत्यांपैकीं निम्मे तरी मनांतल्या मनांत हंसत असतील, हें आम्ही जाणून आहों. येथून समुद्रकिनारा दोनशें किलोमीटरांहून दूर. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक वृद्धांनीं तर तो जन्मांत पाहिलेला नाहीं. हा विषय आम्हीं आपण होऊन निवडलेला नाहीं. तो आपल्या तरुण संघानें आमच्या गळ्यांत घातला आहे. महोत्सवी वर्षाची सहल म्हणून ही मंडळी मालवणास गेली होती. तेथील समुद्रांत सरकारनें राखलेलें अभयारण्य आहे, प्रवाळ आहे, रंगीबेरंगी मासे आहेत, असें ऐकून त्यांस आनंद झाला. परंतु ज्या होडीवाल्यानें त्यांस सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेलें, त्यानेंच हें अभयारण्य आम्हांला नको, असें स्वच्छ सांगितलें. मुलें विचारांत पडलीं. देवाची सृष्टि राखणें हें पुण्यकर्म, असें आपण देवळांत सांगतां. मग जो मनुष्य रोज त्या सृष्टींत उतरून पोट भरतो तोच राखणीच्या विरुद्ध कां? प्रश्न चांगला आहे, आणि कोळी अडाणी आहेत असें म्हणून त्यांतून मोकळें होतां येत नाहीं.

प्रथम समुद्रांतील राखीव जागा म्हणजे काय तें पाहूं. जमिनीवर अभयारण्य म्हटलें कीं झाडी, वाघ, पहारेकरी आणि कुंपण डोळ्यांपुढें येतें. समुद्रास कुंपण नाहीं. नकाशावर एक रेघ ओढावयाची आणि त्या रेघेच्या आंत अमुक गोष्ट करावयाची नाहीं असा नियम करावयाचा, एवढाच तो प्रकार. कोठें नियम कडक असतो, म्हणजे तेथें गळसुद्धां टाकावयाचा नाहीं. कोठें मोठीं यंत्रें व जाळीं वर्ज्य, पण लहान होडीस मोकळीक. मासे तर रेघ जाणत नाहींत. मग रेघेचा उपयोग काय, अशी शंका कोणासहि येईल.

आपण ज्वारीच्या मुलखांतले लोक आहों. दुष्काळांत घरांतलीं भांडीं विकूं, पण बियाण्याच्या कणगीस हात लावणार नाहीं, हा आपल्या वाडवडिलांचा नियम. समुद्राचें बियाणें म्हणजे मोठे, जुने मासे. माशाची लांबी दुप्पट झाली म्हणजे त्याचें वजन सुमारें आठपट होतें, आणि मादीचीं अंडीं त्याच मानानें, कित्येक जातींत त्याहूनहि अधिक मानानें वाढतात. सारांश, एक जुनी मादी अनेक कोवळ्या माद्यांचें काम करिते. परंतु जाळ्यास मोठा मासा आधीं सांपडतो आणि बाजारांत त्यासच भाव अधिक. म्हणून जेथें मासेमारी अखंड चालते, तेथें बियाणें आधीं खाल्लें जातें. राखीव जागेंत हे मासे म्हातारे होऊं शकतात. त्यांचीं अंडीं व पिल्लें प्रवाहाबरोबर रेघेबाहेर दूरवर जातात, आणि दाटी झाली म्हणजे मोठे मासेहि बाहेर पडतात. बाहेरच्या कोळ्यास मिळतें तें हें.

ही केवळ कल्पना नव्हे. न्यूझीलंड देशांत ली नांवाच्या गांवाजवळ १९७५ सालीं पांच चौरस किलोमीटरांच्या आसपास समुद्र पूर्णपणें राखीव केला गेला. त्यापूर्वीं तेथील खडक उघडे बोडके पडले होते. कारण मोठे मासे आणि शेवंडें मारलीं गेल्यामुळें काटेरी गोळ्यासारखा एक प्राणी, ज्यास समुद्रांतील साळिंदर म्हणावें, तो माजला होता, आणि तो समुद्रशेवाळ मुळासकट खाऊन टाकीत असे. मासेमारी थांबली, मासे व शेवंडें परत आलीं, त्यांनीं त्या काटेरी प्राण्यांस खाल्लें, आणि कांहीं वर्षांनीं खडकांवर शेवाळाचीं रानें पुन्हां डोलूं लागलीं. शेवाळ कोणीं लावलें नव्हतें. मेक्सिको देशांतील काबो पुल्मो येथें १९९५ सालीं ७१ चौरस किलोमीटरांचें सागरी उद्यान झालें. तें व्हावें म्हणून खटपट करणारीं मुख्यतः तेथलींच मच्छीमार घराणीं होतीं. १९९९ पासून २००९ पर्यंतच्या दहा वर्षांत तेथील माशांचें एकंदर वजन साडेपांचपटींहून अधिक झालें. हा आंकडा आम्हांस फार बोलका वाटतो. पण ते लोक आधीं तयार झाले होते, ही गोष्ट त्या आंकड्याहूनहि अधिक बोलकी आहे. मालवणची अडचण नेमकी तेथेंच आहे.

आतां मालवणाकडे वळूं. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला हें शाळेंतलीं मुलेंहि जाणतात. त्या किल्ल्याच्या तटाखालचे, शेजारच्या पद्मगडाच्या भोंवतालचे आणि पाण्याखालीं बुडालेले जे खडक, त्यांवर प्रवाळ वाढतें. प्रवाळ दिसावयास दगड, परंतु तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांनीं बांधलेला वाडा आहे. त्या वाड्याच्या सांदींत माशांचीं पिल्लें लपतात व वाढतात. महाराष्ट्र सरकारनें वन्यजीव कायद्याखालीं १९८७ च्या एप्रिलांत येथें मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलें. एकंदर क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यांतील गाभा ३.१८२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबानें आठशें एकरांहून थोडें कमी, आणि उरलेला भाग गाभ्याभोंवतालचा. एखाद्या मोठ्या गांवच्या शिवारापेक्षां हा गाभा मोठा नाहीं.

पण हें शिवार कोणाचें? मालवणच्या किनाऱ्यावर रापण नांवाची मासेमारी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. होडींतून लांबच लांब जाळें अर्धवर्तुळांत टाकतात. त्याचीं दोन्हीं टोकें किनाऱ्यावर आणतात. आणि मग पुरुष, बायका, म्हातारे, पोरें सारींजण मिळून तें ओढतात. जो ओढील त्यास वांटा. ज्याची स्वतःची होडी नाहीं त्या विधवेच्या घरींहि त्या दिवशीं कालवण होतें. अशा लोकांस एके दिवशीं कळलें कीं, आपल्या दारापुढचें पाणी सरकारी नकाशांत अभयारण्य झालें आहे. त्यांस कोणीं नीट विचारलें नाहीं, त्यांचा हक्क काय राहील तें नीट सांगितलें नाहीं, आणि तो प्रश्न वर्षानुवर्षें लोंबकळत राहिला. १९९१ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली. किनाऱ्याच्या समुद्रांत अभयारण्य करावयाचें तर स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचें हित राखण्याची पुरेशी तजवीज आधीं झाली पाहिजे, असें तिनें ठरविलें. परंतु मालवणची घोषणा त्यापूर्वीं चार वर्षें होऊन गेली होती! कायद्यास शहाणपण आलें, तें मालवणास उशिरानें.

याहून मोठें शल्य निराळेंच आहे. रापणवाला आपल्या डोळ्यांनीं पाहतो कीं, पलीकडे खोल पाण्यांत यंत्राच्या बोटी पर्ससीन जाळ्यानें माशांचा थवाच्या थवा वेढून नेतात, आणि रात्रीं विजेच्या प्रखर दिव्यांनीं मासे गोळा करून उपसतात. याविरुद्ध कायदे नाहींत असें नव्हे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ सालचा. २०१६ सालीं पर्ससीनवर बंधनें आलीं. २०१७ सालीं केंद्र सरकारनें दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. २०२१ सालीं जुन्या कायद्यांत दुरुस्ती होऊन दंड वाढविण्यांत आला. तरीहि तक्रारी थांबलेल्या नाहींत, आणि पारंपरिक मच्छीमार व यंत्रबोटवाले यांच्यांत मालवणच्या बाजूस हातघाईचे प्रसंग घडले आहेत. बळकटास रोखण्याचें जमत नाहीं, म्हणून दुबळ्याच्या दारांत रेघ ओढतां काय, असा त्या होडीवाल्याच्या बोलण्याचा गाभा आहे, असें आम्हांस वाटतें. त्यास राखण नको असें नव्हे. त्यास अन्यायाची राखण नको आहे.

तथापि एवढ्यावरून अभयारण्य मोडून टाकावें असें कोणी म्हणेल तर आम्ही त्याच्या बाजूचे नाहीं. रेघ पुसली तर प्रवाळाचें काय होईल तें पाहावयास आपणांस फिलिपाइन बेटांकडे जावें लागेल. तेथील कोळी बहुतेक आपल्याच धर्माचे आहेत. डॉक्टर एंजल अल्काला या प्राणिशास्त्रज्ञांच्या पुढाकारानें सुमिलोन नांवाच्या बेटाजवळ १९७४ सालीं प्रवाळाचा सुमारें पाव भाग राखीव ठेवण्यांत आला. दहा वर्षें मासे वाढले आणि भोंवतालच्या कोळ्यांस चांगली मासळी मिळूं लागली. मग गांवचा कारभार बदलला, १९८४ सालीं नियम मोडला आणि राखीव भागांतहि जाळीं पडलीं. आपल्यास वाटेल कीं, अधिक जागा मिळाली म्हणजे मासळी अधिक मिळाली असेल. झालें उलट. पुढच्या दोनएक वर्षांत एकंदर मासळी निम्म्याच्या आसपास आली. जवळच अपो नांवाचें बेट आहे. तेथेंहि अल्कालांनीं काम सुरू केलें, पण या खेपेस पहिला बराच काळ गांवकऱ्यांशीं बोलण्यांत घालविला. राखीव जागा गांवानें निवडली, पहारा गांवानें केला, दंडहि गांवानें ठरविला. सरकारें आलीं नि गेलीं, अपोची राखण टिकली. अल्कालांस १९९२ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें, पण त्यांचें खरें पारितोषिक तें बेटच होय. शास्त्र दोन्हीं ठिकाणीं एकच. अंतर पडलें तें रेघ कोणाच्या हातची यांत.

परमगुरु पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं 'लाउदातो सी' हें विश्वपत्र लिहिलें. त्यांत प्रवाळांच्या नाशाविषयीं आणि बेबंद मासेमारीविषयीं स्पष्ट लिहिलें आहे, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. त्याच पत्रांत, स्थानिक लोकांस बाजूस सारून सगळीकडे एकच उपाय लादूं नये, असाहि इशारा आहे. तो भाग मात्र प्रवचनांतून फारसा ऐकूं येत नाहीं.

मालवणांत सगळेंच निराशेचें आहे असेंहि नाहीं. २०१२ च्या सुमारापासून संयुक्त राष्ट्रांच्या साह्यानें सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर कांहीं वर्षें एक मोठी योजना चालली. तींतली एक साधी युक्ति आम्हांस फार आवडली. यंत्रबोटीच्या जाळ्याच्या शेवटास जी पिशवी असते, तिचे आस तिरपे असले तर ओढ बसतांच ते मिटतात आणि लहान पिल्लेंसुद्धां आंत अडकतात. तेच आस चौकोनी विणले तर ओढ बसली तरी उघडे राहतात आणि पिल्लें निसटून जातात. पिल्लांस बाजारांत भाव नाहीं, तेव्हां तीं निसटल्यानें तोटाहि फारसा नाहीं. अशी गोष्ट कोळ्यास पटते, कारण ती त्याच्या हातांतल्या दोऱ्याच्या भाषेंत सांगितलेली असते. मालवणच्या उत्तरेस रत्नागिरी जिल्ह्यांत वेळास गांवीं २००२ पासून सागरी कांसवांचीं अंडीं राखलीं जातात. पूर्वीं तीं खणून विकलीं जात. आतां पिल्लें समुद्रांत सोडतांना पाहण्यास दूरदूरचे पाहुणे येतात आणि गांवांत उतरतात.

दुसरीहि बाजू सांगितली पाहिजे. समुद्राचें पाणी तापलें म्हणजे प्रवाळ पांढरें पडतें व पुष्कळदां मरतें. २०१४ ते २०१६ च्या सुमारास मालवणच्या प्रवाळांतहि हा विकार दिसून आला. उन्हास रेघ अडवीत नाहीं. आणि पाहुण्यांस तरी कोठें अडविते? प्रवाळावर पाय देऊन उभें राहणें, होडीचा नांगर खडकावर टाकणें, माशांनीं भोंवतीं जमावें म्हणून पावाचे तुकडे फेंकणें, हें कोणता कोळी करितो? तें आपण घाटावरचे लोक करितों. आपल्या तरुण संघांतील कोणीं तसें केलें काय, हें आम्हीं विचारलें नाहीं; कांहीं चेहरे खालीं गेले तेवढे पाहिले.

राखणीची कल्पना आपल्या मुलखास परकी आहे असेंहि कोणी समजूं नये. नारळी पौर्णिमेपूर्वीं समुद्रांत होडी घालावयाची नाहीं, ही कोळ्यांची जुनी चाल. पावसाळा हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ. आज सरकार १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची जी बंदी करितें, ती त्या चालीचीच धाकटी बहीण होय. नदीकांठींहि हेंच. महाडजवळ वाळण कोंड येथें काळ नदीच्या डोहांतले महसीर मासे देवीचे म्हणून गांवकरी धरीत नाहींत. देहूस इंद्रायणीच्या डोहांत मासे मारावयाचे नाहींत, ही वहिवाट आहे. आपला धर्म निराळा, त्यांचा निराळा; पण सातव्या वर्षीं शेत पडीक ठेवण्याची जी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत आहे, तिच्याशीं या वहिवाटीचें नातें आम्हांस जवळचें वाटतें. हांव कोठें तरी थांबावी अशी जागा माणसानें स्वतःच नेमून ठेवावयाची. मात्र देहूची गोष्ट येथेंच संपत नाहीं. वरच्या अंगानें मैला व सांडपाणी येऊन तेथील पवित्र मासे मेल्याच्या वार्ता अलीकडच्या वर्षांत आल्या आहेत. जाळें कोणीं टाकलें नाहीं, नियम कोणीं मोडला नाहीं, तरी मासा मेला.

आणि ही इंद्रायणी कोठें जाते? तुळापुरास भीमेला मिळते, आणि भीमा आपल्या दारावरून चंद्रकोरीसारखी वळून पुढें जाते. पंढरपूर समुद्रापासून दूर आहे असें आम्ही आरंभीं म्हणालों. पण तें पश्चिमेचें अंतर झालें. आपला समुद्र पूर्वेस आहे. भीमा रायचुराकडे कृष्णेस मिळते. कृष्णा श्रीशैल, नागार्जुनसागर आणि विजयवाडा ओलांडून बंगालच्या उपसागरास जाते. तेथें तिच्या मुखाशीं खारफुटीचें मोठें रान आहे, आणि तें कृष्णा अभयारण्य म्हणून राखलें आहे. त्या रानांत कोळंबी व माशांचीं पिल्लें वाढतात आणि पाण्यांत उडी घालून मासे धरणारी एक रानमांजरीहि राहते. खारफुटीस खारें पाणी चालतें, पण नुसतें खारें चालत नाहीं. नदीचें गोडें पाणी आणि गाळ तिला लागतो. उजनीपासून खालपर्यंत धरणें पाणीहि अडवितात आणि गाळहि. कोरड्या सालीं कृष्णेचें फार थोडें पाणी समुद्रास पोंचतें. आम्ही धरणांविरुद्ध बोलत नाहीं. उजनी १९८० सालीं पुरी झाली नसती तर आपल्या तालुक्यांत एवढा ऊस दिसला नसता. पण त्या मुखाशीं राहणाऱ्या कोळ्यानें विचारलें कीं, वरच्यांनीं आमच्यासाठीं काय ठेवलें, तर त्यास दाखवावयास आपल्यापाशीं काय आहे? आषाढीनंतर वाळवंटांत उरणारे पेले आणि पत्रावळी पुराबरोबर कोठवर जातात, हेंहि त्यास आपल्यापेक्षां अधिक ठाऊक असेल. आपल्या नदीवर होड्या चालविणारे, आणि पुंडलिकाच्या देवळाची सेवा करणारे महादेव कोळी, हे या गांवचे जुने रहिवासी. नदी कशी होती नि कशी झाली, हें त्यांस विचारावयास आपल्यापैकीं किती जण गेले?

उजनीच्या पाण्यांत मालवणचीच गोष्ट लहान प्रमाणावर चालली आहे. तेथें बारीक आसाच्या जाळ्यानें पिल्लें गोळा करण्याचा जो प्रकार आहे, त्यास तिकडे वडाप म्हणतात. त्याविरुद्ध तक्रार करणारे कोण? तेथलेच मच्छीमार. रोहू, कटला यांचीं बोटांएवढीं पिल्लें गेलीं, तर पुढच्या वर्षीं त्यांच्या जाळ्यांत चिलापीवांचून काय येणार? एखादी खाडी, एखादा फुगवटा पिल्लांसाठीं सोडून द्यावा, आणि तो कोणता सोडावा हें त्या मच्छीमारांनींच ठरवावें, असें आम्हांस वाटतें. आपल्या धर्मग्रामांतील जीं कुटुंबें त्या बाजूस राहतात, त्यांनीं हा विषय तेथील सोसायटींत काढण्याचें मान्य केलें आहे.

शेवटचा विषय आपल्या ताटाचा. शुक्रवारीं मांस वर्ज्य म्हणून आपण मासळी आणतों, आणि उपवासकाळांत तर अधिकच. सुकट, बोंबील, कधीं बर्फांतला पापलेट. पापलेटास महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं राज्यमासा ठरविलें, आणि त्याच सालीं ५४ जातींच्या जलचरांची किमान लांबी ठरवून दिली. तीहून लहान असतील ते धरावयाचे नाहींत. तळहाताएवढें पापलेट स्वस्त मिळालें म्हणून आपल्या घरीं समाधान होतें, परंतु तें मासा नसून बियाणें असतें. तरुण संघानें एक काम अंगावर घेतलें आहे. येत्या उपवासकाळांत दर शुक्रवारीं दोघांनीं बाजारांत जावयाचें, आणि कोणती मासळी आली, कोठून आली, केवढी लांब आहे, हें विक्रेतीची परवानगी घेऊन वहींत टिपावयाचें. विक्रेतीशीं वाद घालावयाचा नाहीं. तीहि पोटासाठींच बसलेली असते. पट्टी आम्हीं शाळेंतून मागून ठेविली आहे. वही अजून कोणीं आणलेली नाहीं.